क्यूजीआयएस शिकायचंय? आपल्या गावच्या विहिरींपासून सुरुवात करा

करहाकाठ

नमस्कार मंडळी,

पाण्याविषयीच्या धाग्यांवर एक प्रश्न वरचेवर येतो. गावाचा नकाशा कॉम्प्युटरवर करायचा आहे, विहिरी, बंधारे, नाले दाखवायचे आहेत, सुरुवात कुठून करू? दर वेळी तुकड्या-तुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. बाकीच्या जाणकारांनी भर घालावी.

सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. गॅरी शेरमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प आता जगभरचे लोक मिळून चालवतात. फुकट आहे, सोर्स खुला आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. डाउनलोड करताना सगळ्यात ताज्या आवृत्तीच्या मागे न लागता 'लाँग टर्म' म्हणून दिलेली घ्या. तिच्यात फक्त दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे शिकताना मेनू जागच्या जागी राहतात.

यूट्यूबवर बटणं दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पण नुसती बटणं शिकलेला माणूस आठवडाभरात विसरतो हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. हातात एक खरा प्रश्न असेल तर मात्र तोच माणूस रात्री जागून शिकतो. म्हणून आधी प्रश्न ठरवा. मी आमच्या पुरंदर तालुक्यातला, पर्जन्यछायेतल्या कुठल्याही गावाला लागू पडेल असा प्रश्न घेतो. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात अशी तरतूद आली की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, दोन्ही एकाच पाणलोटात असतील तर, परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही. मग आपल्या गावच्या नळयोजनेच्या विहिरीभोवती ५०० मीटरमध्ये आज किती विहिरी आणि बोअर आहेत? ग्रामसभेत हा आकडा तोंडी सांगितला तर वाद होतो. नकाशावर दाखवला तर निदान वाद नेमक्या विहिरीबद्दल होतो.

माहिती गोळा करणं. प्रत्येक विहिरीवर जाऊन मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यायचे. उघड्या आभाळाखाली साध्या फोनला तीन ते पाच मीटरची अचूकता मिळते, आपल्या कामाला ती पुरते. झाडाखाली किंवा दरडीच्या कुशीत ती बिघडते, तिथे मिनिटभर थांबून आकडा स्थिरावू द्या. ॲपमध्ये अंश-मिनिट-सेकंद न ठेवता दशांश पद्धत निवडा. पाच दशांश स्थळं पुरेत, पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. वहीत किंवा एक्सेलमध्ये रकाने असे : क्रमांक, अक्षांश, रेखांश, प्रकार, गट नंबर, खोली, कठड्याची उंची, पाण्याची पातळी, मोजल्याची तारीख. कठड्याची उंची का, ते पुढे कुणीतरी विचारेलच.

नकाशात आणणं. एक्सेलची फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा. नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. मग क्यूजीआयएसमध्ये लेयर, ॲड लेयर, ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर. इथे एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश. आपल्याला 'अक्षांश-रेखांश' या क्रमाने म्हणायची सवय आहे, सॉफ्टवेअरला त्याच्या उलट क्रम लागतो. सीआरएस (म्हणजे आकडे कुठल्या सहनिर्देशांक पद्धतीतले आहेत ते) विचारेल तिथे ईपीएसजी ४३२६ हा कोड द्या. फोनचा जीपीएस याच पद्धतीत आकडे देतो. खाली पार्श्वभूमीला एक्सवायझेड टाइल्समधून ओपनस्ट्रीटमॅप ओढून टाका. ठिपके गावावर बसलेले दिसले की पहिला टप्पा पार.

आता सीआरएस. या धाग्यातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. क्यूजीआयएसमधल्या निम्म्याहून जास्त अडचणींचं मूळ इथे असतं.

ईपीएसजी ४३२६ मध्ये मोजमापाचं एकक अंश आहे, मीटर नाही. या लेयरवर बफर टूल (ठिपक्याभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ काढणारं) चालवून ५०० लिहिलंत तर त्याचा अर्थ ५०० अंश होतो, आणि अख्ख्या पृथ्वीला झाकणारा गोळा तयार होतो. मग लोक ०.००५ वगैरे लिहून भागवतात. तेही चूक. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा आणि पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, म्हणजे जमिनीवर वर्तुळ न पडता लंबवर्तुळ पडतं.

दुसरी चोरवाट म्हणजे ईपीएसजी ३८५७. वेबवरचे नकाशे याच्यात असतात आणि याचं एकक मीटर लिहिलेलं दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण विषुववृत्तापासून दूर जावं तसं यातलं अंतर फुगत जातं. पुरंदरच्या अक्षांशावर लांबी सुमारे पाच टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे अकरा टक्के जास्त येतं. इथे ५०० चा बफर काढला तर जमिनीवर तो ४७५ मीटरच भरतो. सीमेवरची विहीर त्या पंचवीस मीटरमध्ये सुटली तर नकाशाला काय अर्थ?

म्हणून मोजमापाच्या कामासाठी यूटीएम वापरा, पृथ्वीचे उभे विभाग पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्राला विभाग ४३ उत्तर, कोड ईपीएसजी ३२६४३. लेयरवर राइट क्लिक, एक्स्पोर्ट, सेव्ह फीचर्स ॲज, फॉरमॅट जिओपॅकेज, सीआरएस ३२६४३. तिथेच 'सेट लेयर सीआरएस' असाही पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका. तो आकडे बदलत नाही, फक्त 'हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत' असं जाहीर करतो. पौंडात मोजलेल्या पोत्यावर किलोची चिठ्ठी चिकटवण्यासारखं ते आहे. चिठ्ठी खरंच चुकलेली असेल तेव्हाच तो वापरायचा.

आता नळयोजनेची विहीर निवडून व्हेक्टर, जिओप्रोसेसिंग टूल्स, बफर. अंतर ५००. खाली 'सेगमेंट्स' पाच असतात ते ३६ करा. पाचावर ठेवलं तर वर्तुळाऐवजी वीस बाजूंची आकृती मिळते आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर ती खऱ्या वर्तुळापेक्षा सहा मीटर आत राहते. मग 'सिलेक्ट बाय लोकेशन' वापरून या वर्तुळातल्या विहिरी निवडा, ॲट्रिब्यूट टेबल उघडा. वरच्या पट्टीवर निवडलेल्यांची संख्या लिहिलेली असते. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर ते.

पहिलं म्हणतो, कारण कायद्यातला 'एकाच पाणलोटात' हा भाग अजून बाकी आहे. तो प्रतिसादांत घेऊ.

---

संपदा_फलटण

दादा, फार उपयोगी धागा. आमच्या बचत गटाच्या मुलींनी विहिरींची यादी केली आहे, ती कालच टाकून पाहिली. ठिपके गावावर नाहीतच. नकाशा लहान करत गेले तर बरेचसे पार वर, नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात. दोन ठिपके आफ्रिकेजवळ. काही ठिपके मात्र आपल्याकडेच, पण गावापासून वीसेक किलोमीटर दूर. एकाच फाइलमध्ये तीन तऱ्हा कशा?

---

करहाकाठ

संपदाताई, तीन तऱ्हा म्हणजे तीन वेगळी कारणं, आणि प्रत्येक ठिपका आपलं कारण स्वतःच सांगतो आहे.

नॉर्वेकडचे : एक्स-वायची अदलाबदल. आपला रेखांश ७४ च्या आसपास आणि अक्षांश १८. उलटं केलं की रेखांश १८, अक्षांश ७४ होतं, आणि ती जागा नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात येते. ज्या ओळी एका मुलीने उलट्या क्रमाने लिहिल्या तेवढ्याच तिथे गेल्या असतील. महाराष्ट्रासाठी ढोबळ खूण अशी, अक्षांश १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१. एक्सेलमध्ये याबाहेरचे आकडे गाळून पाहा, सगळ्या उलट्या ओळी सापडतील.

आफ्रिकेजवळचे दोन : त्या ओळींत आकड्यांच्या जागी शून्य पडलंय. शून्य अक्षांश, शून्य रेखांश म्हणजे गिनीचं आखात. त्या दोन विहिरींवर पुन्हा जावं लागेल.

वीस किलोमीटर दूरचे सर्वात फसवे, कारण ते आपल्याच मुलखात दिसतात. कुणाच्या तरी फोनवर अंश-मिनिटं होती. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०, पण वहीत ते १८.३० असं उतरलं. फरक ०.२ अंशाचा, जमिनीवर २२ किलोमीटर. मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवायचं. सेकंद असतील तर ३६०० ने भागायचं. ओळखायची युक्ती अशी की त्या फोनच्या नोंदींत दशांशानंतरचे पहिले दोन अंक कधीच ५९ च्या वर जाणार नाहीत.

---

वैनगंगेचा

मी भंडाऱ्याचा. ४३ घ्यायचा की ४४? तलावांची मोजणी करतो आहोत, मामा (माजी मालगुजारी) तलाव. काही गावं गोंदियात जातात.

---

करहाकाठ

तुम्हाला ४४, कोड ३२६४४. यूटीएमचा प्रत्येक विभाग सहा अंशांचा असतो. ४३ हा ७२ ते ७८ पूर्व रेखांशापर्यंत, त्यापुढे ८४ पर्यंत ४४. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातून ७८ ची रेषाच जाते. तिथल्या मंडळींनी आपलं काम ज्या बाजूला जास्त आहे तो विभाग घ्यावा आणि सगळ्या लेयरना तोच ठेवावा. रेषेपलीकडे दहा-वीस किलोमीटर गेल्याने मोजमापात फारसं बिघडत नाही. एक लेयर ४३ मध्ये आणि दुसरा ४४ मध्ये ठेवून टूल चालवलं तर मात्र गोंधळ होतो.

मामा तलावांचं काम खूप मोलाचं आहे. पाण्याचा फुगवटा उपग्रह चित्रावरून काढायचा असेल तर सेंटिनेल-२ ची चित्रं पाहा. दहा मीटरचा पिक्सेल, मोफत, आणि दर काही दिवसांनी नवं चित्र. ऑक्टोबरमधलं आणि मेमधलं चित्र शेजारी ठेवलं की कुठला तलाव टिकतो ते लगेच कळतं.

---

शंकूसाखळी

मी मोजणी खात्यातून निवृत्त. धागा चांगला, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी तंटा करून बसेल. क्यूजीआयएसमध्ये मोजलेलं क्षेत्र किंवा सरकवलेली हद्द ही कायदेशीर मोजणी नव्हे. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे रीतसर मोजणीचा अर्ज करायचा, आणि तिथून मिळणारी क प्रत हाच कागद चालतो. पडद्यावर शेजाऱ्याचा बांध तुमच्या गटात आलेला दिसला म्हणून कुणी फावडं घेऊन जाऊ नये.

आता गाव नकाशा क्यूजीआयएसमध्ये बसवायचा कसा, म्हणजे जिओरेफरन्सिंग, यावर लिहितो. विहिरींना गट नंबर लावायचा तर हे लागतंच.

नकाशा स्कॅन करताना तो सपाट असला पाहिजे. मोबाइलने तिरका फोटो काढलात तर पुढे कितीही खटपट केली तरी कोपरे जुळत नाहीत. जुन्या कागदाला घड्या असतात, कागद आक्रसलेला असतो, एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी. त्यामुळे जुळवणीचे बिंदू नकाशाभर पसरलेले घ्या. चार कोपरे, चार बाजू, मधे दोन-तीन. सगळे बिंदू गावठाणाजवळ घेतले तर गावठाण छान बसतं आणि शिवेकडची शेतं पन्नास मीटर सरकतात.

बिंदू कुठले घ्यायचे हे सर्वांत महत्त्वाचं. जुनी दगडी विहीर, देवळाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला हद्दीचा दगड, जुन्या बांधांचे कोपरे, हे भरवशाचे. रस्त्यांचे चौक टाळा, रस्ते रुंद होताना मध्य सरकतो. ओढ्यांचे संगम तर अजिबात नको, ओढा पात्र बदलतो. शक्य तितक्या ठिकाणी स्वतः जाऊन जीपीएस वाचन घ्या, नुसतं उपग्रह चित्रावर टिचकी मारून काम भागवू नका.

जिओरेफरन्सर उघडलं की रूपांतराची पद्धत विचारतो. सुरुवात 'पॉलिनॉमियल १' ने करा. प्रत्येक बिंदूपुढे चूक किती राहिली ते पिक्सेलमध्ये दिसतं. एखादा बिंदू बाकीच्यांपेक्षा फारच चुकलेला असेल तर तो जाऊन तपासा. 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडली की सगळ्या बिंदूंची चूक शून्य दाखवते आणि नवीन माणूस खूश होतो. ती पद्धत नकाशाला ओढून-ताणून प्रत्येक बिंदूवर बसवतेच, त्यामुळे चुकीचा बिंदूही लपतो. आधी पॉलिनॉमियलने चुकार बिंदू पकडा, मगच गरज असेल तर स्प्लाइनकडे वळा.

टोपोशीट बसवणाऱ्यांसाठीही एक सूचना. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटा एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत, तो १८३० चा. कडेला छापलेले अक्षांश-रेखांश ४३२६ समजून टाकलेत तर पुण्याच्या भागात सगळं शंभर मीटरच्या आसपास सरकतं. नव्या ओपन सिरीजच्या शीटा डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्याच पद्धतीवर आहेत, त्यांना ही अडचण नाही. पुणे शहर जुन्या क्रमांकात ४७ एफ/१४ वर येतं. आपापल्या गावची शीट कुठली ते शोधून ठेवा, पंधरा मिनिटं बाय पंधरा मिनिटंची एक शीट असते.

---

करहाकाठ

काका, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. हद्दीच्या दगडांचं तर कुठल्याच ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. क प्रतीबद्दल लिहिलंत तेही फार बरं झालं.

क्षेत्रफळाबद्दल जोडतो. सातबारावर हेक्टर-आर असतं. क्यूजीआयएस चौरस मीटर देतं, त्याला १०० ने भागलं की आर, दहा हजाराने भागलं की हेक्टर. गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, चाळीस गुंठ्यांचा एकर. बसवलेल्या नकाशावरून काढलेलं क्षेत्र सातबाराच्या क्षेत्राशी ताडून पाहा. सगळ्याच गटांत सारखा फरक येत असेल तर नकाशाच्या जुळवणीत गडबड आहे. एखाद्याच गटात येत असेल तर तिथे तुमची रेघ चुकलीय.

---

अक्षरवेल

एक अडचण. शेपफाइल केली. रकान्यांची नावं मराठीत दिली होती, 'पाण्याची पातळी', 'गट नंबर', 'मालकी'. सेव्ह करून परत उघडल्यावर नावं अर्धवट तुटलेली. आतला मजकूरही काही ठिकाणी चौकोन-चौकोन. मराठी चालत नाही का याला?

---

तंत्रस्नेही_सांगली

क्यूजीआयएसला मराठी अगदी व्यवस्थित चालते. अडचण शेपफाइलची आहे.

शेपफाइल हा जुना फॉरमॅट. त्यातला तक्ता डीबीएफमध्ये साठतो आणि तिथे रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून दहा अक्षरं बसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. म्हणजे तीनच चिन्हं मावतात. 'पाण्याची' मधलं 'पा' आणि 'ण' एवढ्यातच जागा संपली. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८४ चिन्हं. विहिरीविषयी दोन वाक्यं लिहिलीत की शेपूट गळालं.

शिवाय शेपफाइल ही एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे आणि भाषेच्या सांकेतिकीकरणासाठी सीपीजी, असा संच असतो. व्हॉट्सॲपवर कुणी फक्त एसएचपी पाठवली तर उघडून उपयोग नाही. पीआरजे राहिली तर सीआरएस हरवला, सीपीजी राहिली तर मराठीचे चौकोन. तुमचं हेच झालं असावं. लेयर प्रॉपर्टीजमध्ये सोर्सखाली 'डेटा सोर्स एन्कोडिंग' यूटीएफ-८ करून पाहा, चौकोन जातील. तुटलेली नावं मात्र परत येणार नाहीत.

उपाय म्हणजे जिओपॅकेज. एकच फाइल, आत हवे तेवढे लेयर, लांब मराठी नावं बिनतक्रार. समोरच्या कार्यालयाने शेपफाइलच मागितली तर शेवटी एक प्रत तशी काढून द्या. काम करताना जिओपॅकेजच ठेवा.

आणखी एक. जनगणनेचा गाववार तक्ता जोडायचा असेल, तर गावाच्या नावावरून जोडू नका, कोडवरून जोडा. एका तालुक्यात तीन-तीन वडगावं असतात, बुद्रुक कुठे 'बु.' कुठे 'बुद्रूक', कुठे नाव आधी कुठे नंतर. कोडचा रकाना दोन्हीकडे एकाच प्रकारचा हवा. एकीकडे आकडा आणि दुसरीकडे मजकूर असेल तर जोडणी रिकामी येते आणि कारण पटकन उमगत नाही.

---

नीरजा_कुल

नोकरीच्या दृष्टीने आर्कजीआयएस शिकावं की हे? भूगोलात एमए करते आहे.

---

तंत्रस्नेही_सांगली

दोन्हीतल्या कल्पना एकच आहेत, लेयर, सीआरएस, बफर, ओव्हरले. काही मोठ्या संस्थांत आणि कंपन्यांत आर्कजीआयएस असतं, त्याचा परवाना महाग. क्यूजीआयएसवर पक्कं शिकलात तर तिकडे जायला फार वेळ लागत नाही. मुलाखतीला स्वतः केलेला एक पूर्ण नकाशा घेऊन जा. मी उमेदवार निवडताना प्रमाणपत्राआधी तोच पाहतो.

---

डोंगरवाट

'एकाच पाणलोटात' चं राहिलंय. पाणलोटाची रेषा कॉम्प्युटरवर कशी काढायची? आमच्या गावात नळयोजनेची विहीर एका ओढ्यावर आहे आणि वादातल्या दोन नव्या विहिरी टेकाडाच्या पलीकडे. अंतर ४०० मीटरच्या आत भरतं, पण पाणी उतरतं दुसऱ्या ओढ्याला.

---

करहाकाठ

अगदी बरोबर ठिकाणी आलात. वर्तुळाला टेकाड दिसत नाही.

यासाठी उंचीचा नकाशा लागतो, डीईएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बराचसा भाग मोजला, तो एसआरटीएमचा डेटा ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये मोफत मिळतो. कोपर्निकसचाही ३० मीटरचा डीईएम मोफत आहे. आपल्या इस्रोचा कार्टोसॅटवरून केलेला कार्टोडीईएम त्यांच्या भुवन संकेतस्थळावर आहे. कुठलाही घ्या, पण लक्षात ठेवा की यांत झाडांचे शेंडे आणि छपरंही उंचीत येतात. दाट आमराई असेल तर तिथे टेकडी दिसेल.

पहिलं काम डीईएम ३२६४३ मध्ये रूपांतरित करणं. रास्टर, प्रोजेक्शन्स, वॉर्प. हे न करता उतार काढला तर आडवं अंतर अंशात आणि उभं मीटरमध्ये असा हिशोब होतो आणि अख्खा तालुका नव्वद अंशांच्या कड्यासारखा दिसतो. वॉर्पमध्ये रिसॅम्पलिंग 'बायलिनिअर' ठेवा, म्हणजे उंचीत पायऱ्या पडत नाहीत.

मग प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ग्रास या टूलसंचातलं 'आर डॉट वॉटरशेड'. त्यात एक आकडा विचारतो, पाणलोटाचा किमान आकार, किती पिक्सेल. ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणून १००० लिहिलंत तर ९० हेक्टरच्या वरचे पाणलोट मिळतील. गावपातळीवर आधी ५०० देऊन पाहा. निघालेले ओढे उपग्रह चित्रावरच्या ओढ्यांशी जुळतात का तपासा. सपाट माळावर आणि कालव्याजवळ ते भरकटतात, डोंगराळ भागात छान बसतात.

विशिष्ट जागेचा पाणलोट हवा असेल तर 'आर डॉट वॉटर डॉट आउटलेट'. त्याला आधीच्या टूलने काढलेला प्रवाहाच्या दिशेचा रास्टर आणि एका बिंदूचे सहनिर्देशांक द्यायचे. बिंदू नेमका निघालेल्या ओढ्याच्या पिक्सेलवर हवा. एक पिक्सेल बाजूला पडला तर शंभर हेक्टरच्या जागी अर्ध्या हेक्टरचा पाणलोट हाती येतो.

मिळालेला रास्टर (पिक्सेलचा नकाशा) व्हेक्टरमध्ये (रेषांच्या आकृतीत) बदला, ५०० मीटरच्या बफरशी 'इंटरसेक्शन' करा. जे उरेल ते तुमचं क्षेत्र. तुमच्या दोन विहिरी त्याच्या बाहेर राहतात का बघा.

आणि तरीही टेकाडावर एकदा चालून या. ३० मीटरच्या पिक्सेलवरून आलेली दुभाजक रेषा एक-दोन पिक्सेल इकडे-तिकडे होणारच. सपाट माथ्यावर तर नक्कीच. शिवाय आपली जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. भूगर्भातलं पाणी कुजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांतून वाहतं. ते वरच्या ओढ्याच्या दुभाजकाला नेहमी जुमानत नाही. कायद्याचं उत्तर नकाशा देईल, पाणी खरंच कुठून येतं हे पाहायला विहिरींच्या पातळ्याच मोजाव्या लागतील.

---

संपदा_फलटण

ठिपके जागेवर बसले! मुलींनी स्वतः दुरुस्त केले. आता पातळीचंच विचारते. कठड्याची उंची का घ्यायची? आणि सगळ्या विहिरींच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढून पाणी कुठून कुठे वाहतं ते दाखवता येईल का?

---

करहाकाठ

वा! मुलींचं अभिनंदन.

टेप आपण कठड्यावरून सोडतो. कुणाचा कठडा तीन फूट, कुणाची विहीर बिनकठड्याची. ती उंची वजा केली तरच जमिनीपासूनची पातळी मिळते आणि दोन विहिरींची तुलना करता येते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, या साधनांनी नाही. पाण्याची उंची काढायला जमिनीची उंची अचूक लागते. डीईएममध्ये काही मीटरची चूक सहज असते, आणि फोनच्या जीपीएसची उंची तर त्याहून अविश्वसनीय. दोन शेजारच्या विहिरींतल्या पाण्यात फरक असतो एक-दीड मीटरचा. तो या चुकांत बुडून जातो, आणि नकाशावर बाण मात्र ठामपणे काढलेले दिसतात. लेव्हल मशिनने कठड्यांच्या उंच्या घेतल्या तरच तो नकाशा करावा. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं सर्व्हेच्या प्रॅक्टिकलसाठी हे आनंदाने करतात, विचारून बघा.

त्याऐवजी पातळीतला बदल दाखवा. तीच विहीर, ऑक्टोबरमध्ये एक मोजमाप, मे अखेरीस दुसरं. वजाबाकीत जमिनीची उंची लागतच नाही. फरकाप्रमाणे ठिपक्याचा आकार लहान-मोठा करा. सिम्बॉलॉजीत 'ग्रॅज्युएटेड' निवडून रंगाऐवजी आकार घ्या. ग्रामसभेत मागच्या रांगेतल्या माणसालाही रंगापेक्षा आकार लवकर कळतो. मोजताना पंप किती वेळापासून बंद आहे हे लिहायला विसरू नका. पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आधी मोजलेलं सर्वांत चांगलं.

---

अक्षरवेल

ग्रामसभेचा विषय निघालाच आहे तर, छापायचा कसा? मी पीडीएफ काढला, झेरॉक्सवाल्याकडे उघडला तर जोडाक्षरं फुटलेली.

---

तंत्रस्नेही_सांगली

प्रिंट लेआउटमधून पीडीएफ काढताना 'टेक्स्ट एक्स्पोर्ट'चा पर्याय येतो. तिथे 'ऑलवेज एक्स्पोर्ट टेक्स्ट ॲज पाथ्स' निवडा. अक्षरांची चित्ररेषा होते, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट असो-नसो, जोडाक्षर फुटत नाही. फॉन्ट युनिकोडचाच हवा. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये लिहिलेली यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, नाहीतर लेबलच्या जागी अगम्य अक्षरं येतील.

प्रमाण ठरवताना आधी गाव मोजा. चार किलोमीटर बाय तीन किलोमीटरचं गाव १:१०,००० ला ४० बाय ३० सेंटीमीटर होतं. ए-३ कागद ४२ बाय २९.७, म्हणजे समास आणि सूची घातली की मावत नाही. १:१२,५०० घ्या, ३२ बाय २४ होतं, शेजारी सूचीला जागा उरते. पट्टीप्रमाण नक्की टाका. झेरॉक्समध्ये कागद लहान-मोठा झाला की लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, पट्टी मात्र नकाशाबरोबरच बदलते.

---

डोंगरवाट

करून पाहिलं. दोन्ही विहिरी दुभाजकाच्या पलीकडे पडल्या, पण एक फक्त एकाच पिक्सेलच्या अंतराने. उद्या तिथे प्रत्यक्ष जाऊन बघतो. नकाशावर ही विहीर कशी दाखवू, आत की बाहेर?

---

करहाकाठ

तिसऱ्या रंगात दाखवा आणि सूचीत स्पष्ट लिहा, 'दुभाजकापासून ३० मीटरच्या आत, स्थळपाहणी आवश्यक'. दुभाजकाच्या रेषेला ३० मीटरचा बफर काढून त्यात पडणाऱ्या सगळ्या विहिरी एकाच नियमाने तिसऱ्या रंगात जाऊ द्या, म्हणजे कुणा एकाच्या विहिरीला वेगळा न्याय लावला असं कुणी म्हणणार नाही. पाहणीला जाताना दोन्ही विहिरींच्या मालकांना बरोबर घ्या. पाहणी झाली की तारीख आणि कोण-कोण हजर होतं ते जिओपॅकेजमध्येच रकाना करून लिहून ठेवा.